विद्यार्थ्याने वाहनकर्ज कसे मिळवावे : काही अनुभवसिद्ध सूचना

विद्यार्थ्याला गाडीसाठी कर्ज मिळत नाही, हा निव्वळ अपप्रचार आहे. बँकेच्या दारावरचं पोस्टर बघा. त्यातला मुलगा तुमच्याच वयाचा आहे, हातात किल्ली आहे, आणि मागे आई-वडील कौतुकाने टाळ्या वाजवताहेत. नीट बघितलंत तर पात्रतेचे सगळे निकष त्या फोटोतच आहेत. वडील मागे उभे आहेत ना? ते उगाच नाही.

मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय. विषय सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवरच्या वनस्पती. गेंद, सीतेची आसवं, तेरडे ही मंडळी पाऊस सरता सरता फुलतात आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं की गायब होतात. एसटी पायथ्याच्या गावापर्यंत जाते, तीही मी सड्यावरून उतरायच्या आत परत निघते. नमुने दाबायच्या फळ्या, टीपकागदाचे गठ्ठे आणि भिजलेला मी, असं सगळं दुचाकीवर बसत नाही. म्हणून जुनी वॅगनआर बघितली, अडीच लाखांचं कर्ज मागितलं आणि त्यातून जे ज्ञान प्राप्त झालं ते पुढच्या पिढीसाठी निःस्वार्थ बुद्धीने मांडतोय.

सर्वांत आधी एकवीस वर्षांचे व्हा. अठराव्या वर्षी मतदान करता येतं, गाडी चालवायचा परवाना मिळतो, करारावरची सही कायद्याने चालते. बहुतेक बँकांना मात्र गाडीच्या कर्जासाठी २१ पूर्ण लागतात. मधली तीन वर्षं देशाचं सरकार निवडण्यात घालवा, ऑल्टोचं नंतर बघू.

वडील सरकारी नोकरीत असू द्यात. नसतील तर निदान मामा.

पत्ता जपून ठेवा. म्हणजे शिकायला दुसऱ्या गावी जाऊच नका. हॉस्टेलचा पत्ता हा पत्ता नसतो. तिथे तुम्ही राहता, तिथे तुमची पत्रं येतात, निवडणुकीच्या आदल्या रात्री उमेदवाराची माणसंही बरोबर तिथेच येतात, पण बँकेच्या नकाशावर ती जागा अस्तित्वात नाही. आधारवर गावचा पत्ता आहे म्हटल्यावर शहरातली शाखा म्हणते, 'मग गावाकडच्या शाखेत अर्ज करा ना.' गावाकडची शाखा म्हणते, 'शिकता तिकडे, गाडी फिरणार तिकडे, मग कर्ज इकडे कशाला?' दोन्ही शाखा एकाच बँकेच्या. एकमेकींना फोन करत नाहीत, बहुधा भावकीचा वाद असावा.

व्हेरिफिकेशनला माणूस येईल तेव्हा खोलीवर असा. तो कधी येणार ते सांगितलं जाणार नाही.

आता सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण. हा तुमच्या चारित्र्याचा दाखला. ३०० ते ९०० असे गुण असतात आणि ७५० च्या वर असले की साहेब खुर्चीतून थोडे पुढे झुकतात. तुम्ही आजवर कुणाचा रुपया बुडवलेला नाही, कुणाकडून घेतलेलाही नाही, त्यामुळे तुम्हाला वाटेल की आपले गुण उत्तम असणार. तुमचे गुण आहेत उणे एक. कर्जाचा इतिहासच नसला की तिथे उणे एक येतं किंवा नुसतं 'एनएच', म्हणजे 'नो हिस्टरी'. इतिहास हवा असेल तर आधी कर्ज घ्या, आणि कर्ज हवं असेल तर आधी इतिहास आणा. माझ्या हॉस्टेलमधल्या एका हुशार मुलाने मोबाइल हप्त्यावर घेतला, दोन हप्ते थकवले, दंड भरला आणि आता त्याला रीतसर स्कोअर आहे. कमी आहे, पण आहे! माझ्यापेक्षा त्याची पत जास्त. एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घ्या, असाही सल्ला मला मिळाला. म्हणजे स्वतःचेच पैसे बँकेत अडकवायचे आणि तेच तिच्याकडून उधार घेऊन वेळेवर फेडायचे. वर्षभर हा खेळ खेळलात की तुम्ही विश्वासू.

(कुठल्याही क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. चार ब्युरो आहेत, चारही अहवाल मागवा. चारही ठिकाणी आपण नाही आहोत हे पैसे न देता कळतं.)

आणि आता उत्पन्नाचा पुरावा. इथे जरा बसा, पाणी वगैरे प्या.

मला केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप आहे. महिना ३७,००० रुपये, हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. पुढे वरिष्ठ झालो की ४२,०००. परीक्षा देशपातळीवरची, पैसे सरकारचे, मुदत कागदावर लिहिलेली. अडीच लाख, चौदा टक्के, चार वर्षं, या हिशेबाने हप्ता बसत होता सहा हजार आठशेच्या आसपास. जोडीला हॉस्टेल, मेस आणि पेट्रोल धरलं तरी हिशेब जमतो. हे मी कागदावर मांडून नेलं होतं. कागद कुणी बघितला नाही.

'सॅलरी स्लिप?'

'फेलोशिप आहे. स्लिप नसते. हे अवॉर्ड लेटर, हे खात्याचं स्टेटमेंट.'

'म्हणजे स्टायपेंड. स्टायपेंड सिस्टिम इन्कममध्ये धरत नाही, सर.'

'का?'

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मुलगा माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, बोटाला शाई. रकान्यात यादी होती : सॅलरीड, सेल्फ एम्प्लॉइड, बिझनेस, अ‍ॅग्रिकल्चर, पेन्शनर, अदर्स.

'अदर्स टाका ना.'

'अदर्स टाकलं की पुढचं पान उघडत नाही.'

त्याने टाकून दाखवलं. खरोखर उघडलं नाही. बिचाऱ्याचा दोष नव्हता, पण तेवढ्या वेळात शेजारच्या टेबलावर एका मुलाची फाइल पुढे सरकली. एका खासगी कंपनीत नुकताच लागलेला, पगाराच्या तीन स्लिपा, महिना माझ्याहून कमी. कंपनी उद्या काढून टाकेल की परवा, याची त्याला स्वतःलाही खात्री नसावी. पण त्याच्याकडे स्लिप होती. मला जे मिळतं ते पाच वर्षांसाठी लेखी आहे आणि त्याला किंमत नाही, कारण त्याच्या नावाचा रकाना करायला कुणाला वेळ झालेला नाही.

मग म्हणाले, स्लिप नाही तर फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला आणा, आयटीआर, म्हणजे आयकराचं रिटर्न आणा. आता कायदा बघा. शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम १०(१६) खाली करमुक्त. त्यामुळे कर कापला जात नाही, फॉर्म १६ निघत नाही, रिटर्नमध्ये दाखवायला उत्पन्न उरत नाही. सरकार म्हणतं, हे पैसे इतक्या चांगल्या कामासाठी आहेत की यावर कर नको. बँक म्हणते, कर नाही म्हणजे पैसेच नाहीत. बरं, वडिलांना सहअर्जदार करू म्हटलं. वडील शेतकरी. शेतीचं उत्पन्न त्याच कलमाच्या पहिल्याच पोटकलमात करमुक्त! सातबारा नेला तर त्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. ज्या सोसायटीचं कर्ज आमच्या घराने वर्षानुवर्षं मार्चअखेर भरलंय, तो बोजा बघून साहेब मान हलवतात. इथे मात्र कर्जाचा इतिहास आहे, तर तो नको.

स्टेटमेंटवर आणखी एक शेरा आला. 'क्रेडिट रेग्युलर नाहीये, सर.' नसेलच! फेलोशिप तीन-तीन महिने येत नाही, मग एकदम येते, हे या देशात संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. तोवर मेसवाल्या काकू उधारीवर जेवायला घालतात. काकूंनी माझा स्कोअर कधी विचारला नाही.

शेवटी बँकेला गिऱ्हाइकं आणून देणारा एक एजंट बाहेर चहाच्या टपरीवर गाठून म्हणाला, 'दादा, एवढं कशाला मनाला लावून घेताय? ट्यूशन घेता असं दाखवू. मागचे दोन रिटर्न आमचा माणूस भरून देईल. सेल्फ एम्प्लॉइडमध्ये बसवतो तुम्हाला.' ही सगळ्यांत मोलाची सूचना, वहीत लिहून ठेवा. खरे पैसे, सरकारच्या खात्यातून आलेले, बँकेच्याच स्टेटमेंटवर छापलेले, ते चालत नाहीत. खोट्या ट्यूशनचे खोटे पैसे चालतात. जी मुलं कधी शिकवलीच नाहीत त्यांची फी माझी पत वाढवते. आणि हे सुचवणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही नाही, साखर कमी टाक असं टपरीवाल्याला सांगावं तसं तो सांगत होता.

असो. सूचनांकडे वळू.

जामीनदार आणा. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांना विचारलं. मामा हो म्हणाले. मामी काही म्हणाल्या नाहीत. यापुढे दिवाळीला आजोळी जाताना मिठाई जरा बऱ्या दुकानातली न्या.

व्याजदर विचारताना लाजू नका, उत्तर ऐकून आनंदू नका. बँकेने हाकललं की तुम्ही फायनान्सवाल्याकडे जाल आणि तो म्हणेल, 'फक्त दहा टक्के, फ्लॅट.' एक लाखावर तीन वर्षं दहा टक्के फ्लॅट म्हणजे तीस हजार व्याज, हप्ता ३,६११ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर मोजलंत तर हाच दर जवळपास अठरा टक्के होतो. ऑक्टोबर २०२४ पासून सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारा केएफएस नावाचा कागद प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर द्यावाच लागतो. मागा. मागितल्यावर समोरचा तुमच्याकडे कसा बघतो तेही बघा.

गाडीचं व्हॅल्युएशन मंजुरीच्या आधी करून घ्या. त्याचे पैसे तुम्ही भरायचे, कर्ज नाकारलं तरी परत मिळत नाहीत. माझी गाडी तपासायला आलेल्या माणसाने बॉनेट उघडलं, इंजिनाचे फोटो काढले, चासी नंबरावर पेन्सिल घासून ठसा घेतला आणि म्हणाला, 'गाडी मस्त आहे, घेऊन टाका.' अहवाल उत्तम आला. गाडी कर्जाला पात्र ठरली.

पुढे महिनाभर मला 'एक कागद कमी आहे' हे वाक्य ऐकायला मिळालं. दर वेळी कागद वेगळा. विभागप्रमुखांचं पत्र, मग त्यावर जावक क्रमांक, मग पत्र जुनं झालं म्हणून नवं पत्र. तेवढ्यात गाडीमालकाने कंटाळून गाडी दुसऱ्याला दिली, रोख. सड्यावरची फुलंही गेली. वनस्पतींना सिस्टिममधून पुढचं पान उघडायची सवय नाही.

आणि याच काळात, याच बँकेच्या कॉल सेंटरवरून फोन : 'सर, तुमच्या प्रोफाइलवर प्री-अप्रूव्हड पर्सनल लोन आहे, कुठलेही डॉक्युमेंट्स नाही लागणार!' कुठलेही नाही. गहाण टाकायला गाडी आहे, तर छत्तीस कागद. काहीच गहाण नाही आणि व्याज जास्त, तर मोबाइलवर एक अंगठा.

हे काय चाललंय?

रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलंय की, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ त्याला कर्जाचा इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. त्याच वर्षी संसदेच्या पावसाळी अधिवेशनात अर्थराज्यमंत्र्यांनी तेच पुन्हा सांगितलं. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं, हे तर कितीतरी जुनं आहे. मी लेखी कारण मागितलं तेव्हा साहेब म्हणाले, 'आम्ही नाकारलेलं कुठंय? फाइल पेंडिंग आहे.'

साहेब, कर्ज देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, हे मला कळतं. ठेवीदारांचे पैसे आहेत, जपून द्यायला हवेत, तेही कळतं. फेलोशिपवर कर्ज द्यायचं नाही असं तुमचं धोरण असेल तर तसं ठेवा. पण मग ते दारावर लिहा. पोस्टरवर विद्यार्थी छापू नका. पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत, फाइल उघडायच्या आधी 'नाही' म्हणा. हा एक शब्द तोंडातून काढायची हिंमत नाही म्हणून तुम्ही पोरांना महिना-महिना फिरवता, त्यांच्या बापाला गावाहून सातबारा घेऊन बोलावता, रोजगार बुडवून आलेल्या त्या माणसाला बाकड्यावर बसवून ठेवता आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सांगता, उद्या या. लाज वाटायला हवी. आणि तुमच्या नावावर धंदा करणारा माणूस बाहेर टपरीवर खोटे रिटर्न विकतोय हे तुम्हाला माहीत नाही असं मला सांगू नका, तुम्ही दोघं एकाच कपबशीतून चहा पिता.

रकाना वाढवा. नसेल वाढवायचा तर तसं लेखी द्या. आणि व्हॅल्युएशनचे पैसे परत करा.