कृतज्ञतेच्या पाच ओळी? माफ करा!

आज एका मैत्रिणीने रील पाठवलं. पहाटे पाचला उठलेली बाई, कोरी करकरीत वही, रंगीत पेनं, स्टिकर्स. वर उपदेश: रोज कृतज्ञतेच्या पाच गोष्टी लिहा, आयुष्य बदलेल. डोकंच फिरलं माझं. डायरीचासुद्धा गृहपाठ करून टाकला या लोकांनी!

मी डायरी लिहिते ती भडास काढायला. मागची नोकरी सोडायचं ठरवलं त्या रात्री साहेबांना तीन पानं शिव्या हासडल्या होत्या. पेन इतकं दाबून की एके ठिकाणी कागद फाटला. सकाळी राजीनामा दिला तो चार ओळींचा, 'आपली विश्वासू'सकट. ती तीन पानं लिहिली नसती तर तोच मजकूर ईमेलने साहेबांना गेला असता. त्या रात्री कृतज्ञतेच्या पाच गोष्टी लिहायला बसले असते तर खोटंच लिहिलं असतं. स्वतःच्याच वहीत, स्वतःशीच!

काहींना त्या याद्यांचा उपयोग होतो म्हणे. होवो बापडा. पण मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकरने 1980 च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं, ते मनातलं सगळ्यात दुखरं लिहायला. छान छान नव्हे.

आणि तो लंडनचा सॅम्युअल पीप्स! 1660 ते 1669 डायरी लिहिली पठ्ठ्याने, लघुलिपीत. 1666 मध्ये शहर पेटलं, तर याने बागेत खड्डा करून वाइन आणि चीज पुरलं, आणि तेही लिहून ठेवलं. बायकोशी भांडणं, स्वतःची लफडी, सगळं. नुसते सुविचार लिहिले असते तर आज कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

परवा ती तीन पानं पुन्हा काढली. शिव्या वाचून हसूच आलं. पण मध्येच एक ओळ होती: 'दुपारी बाथरूममध्ये रडले, तोंड धुतलं, मीटिंगला गेले.' हे मी साफ विसरले होते. कुणाला सांगितलंही नव्हतं. एकदम माया वाटली त्या बाईची.

तर बायांनो, महागड्या वह्या घेऊ नका. जुन्या वहीची मागची पानं चालतात. महिना महिना खाडा झाला तरी चालतो. फोनवरच लिहायचं असेल तर लिहा, मला पटत नाही, पण लिहा.

आणि घरात कुणी लिहीत असेल तर त्या वहीला हात लावायचा नाही. नवरा असो, आई असो. 'सहज चाळली गं' म्हणणाऱ्यांशी माझं कायमचं वाकडं आहे. कमेंटमध्ये येऊन 'घरच्यांपासून काय लपवायचं' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या फोनचं लॉक काढावं.