अंदाजपंचे एकशे शहाण्णव

२२० स्क्रू मागितले. उधारीवर नाही, रोख. तरी मंगळवार पेठेतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात मी जणू मुलीचा हात मागितल्यासारखी शांतता पसरली.

"किती?" मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दोनशे वीस. पंचवीस एमएम, काळे, बारीक आट्याचे."

"किलोनं घ्या. न्हाईतर हजाराचा बॉक्स. मोजून कोण घेतंय?"

वरच्या मजल्यावरची १० बाय १२ ची खोली, डोक्यावर उघडा स्लॅब, एप्रिल महिना आणि सोलापूर. सिलिंग कशाला, हे इथे कुणी विचारत नाही. (त्याला सगळे 'पीओपी' म्हणतात. असते जिप्समची शीट, पण बसवणारा पीओपीवालाच.) सामान आपण आणायचं, मजुरी त्याची, असं ठरलं होतं. स्क्रू किती लागतील विचारलं तर म्हणाला, "आणा की पाचशे-हजार." पाचशे की हजार? या दोन आकड्यांमध्ये अख्खं एक सिलिंग बसतं.

म्हणून मी कागद घेऊन बसलो. शीट ६ बाय ४ ची, १२.५ एमएम जाड. वरचे सेक्शन, म्हणजे शीट धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, १८ इंचांवर, शीट त्यांना आडवी. ६ फुटांत १८ इंचांची ४ अंतरं, म्हणजे सेक्शनच्या ५ ओळी. प्रत्येक ओळ ४ फुटांची, तिच्यावर ९ इंचांना एक स्क्रू, दोन्ही कडांपासून १० एमएम आत. मोजून बघा, ७ येतात. पाच सत्ते पस्तीस. एका शीटला ३५.

खोली १२० चौरस फूट, शीट २४ ची, म्हणजे ५ शीट आणि १७५ स्क्रू. इथे थांबणारा माणूस सुखी असतो. पण १० फुटांत ४ आणि ४ बसल्यावर २ फूट उरतात. पाचवी शीट उभी फाडून तिच्या २ फुटी दोन पट्ट्या करायच्या. शीट अर्धी झाली म्हणून ओळीतले स्क्रू साडेतीन होत नाहीत, ४ लागतात. पाच ओळींना २०, दोन पट्ट्यांना ४०. कापली की पाच वाढले. भाकरी मोडून वाढली की जास्त लागते, तसंच. पुढे १२ फुटी दोन्ही भिंतींलगत पेरिमीटरची पट्टी. तिथे दर दोन सेक्शनच्या मध्ये एक जास्तीचा, दोन्ही बाजू मिळून १६. झाले १९६. पडलेले, वाकडे गेलेले, जिप्सममध्ये जास्त घुसलेले यांसाठी शेकडा १२ धरा. २२०.

एवढा हिशोब खिशात असताना समोरून "फुटाला एक धरा, १२० बास" असा सल्ला आला की डोकं फिरतं. फुटाला एक हे भिंतीचं गणित. पार्टिशनला उभ्या पट्ट्या २ फुटांवर आणि स्क्रू १ फुटावर असतात. तीच ६ बाय ४ ची शीट तिथे ३ ओळी आणि ओळीला ७, म्हणजे २१ मध्ये भागते, फुटाला एकही पडत नाही. भिंतीची शीट जमिनीवर उभी असते, सिलिंगची लोंबत असते. सोळा ते वीस किलोची एक शीट, तिचा सगळा भार त्या काळ्या टोप्यांवर. सिलिंगला फुटामागे दीड धरावा, आणि धरायचा नसेल तर पलंग खोलीच्या मधोमध ठेवू नये.

हा सल्ला देणारे म्हणजे काउंटरला टेकलेले एक काका. पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल, हातात नळाचा झिजलेला वायसर. पाच रुपयांचा नवा वायसर घ्यायला आले होते आणि अर्धा तास तरी तिथेच असावेत, कारण त्यांचा चहा दुकानाच्या हिशोबात आला होता.

"काय मोजलालाव?" त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. मागितला नाही, घेतला. "पाच सत्ते पस्तीस... बरं. इंजिनेर हाव का?"

"नाही."

"मास्तर?"

"नाही हो."

"मग कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"ऐका. पोरीचं लगीन केलं मी. पत्रिका चारशे छापल्या. आचाऱ्याला म्हणलं पाचशेचं कर. जेवाय किती आली?"

"सहाशे?"

"सातशे! आन त्यातली दोनशे आमची न्हाईतच. शेजारच्या कार्यालयातली. तिकडं मठ्ठा संपलता म्हणं. आता हे तुमच्या कागदावर कुठं बसवणार?"

दुकानातला पोऱ्या हसला. मालक हसले. एक गिऱ्हाईक बिजागरी हातात धरून हसलं.

"स्क्रू जेवायला येत नाहीत काका."

"पर जातेत का न्हाई? खाली पडला, गेला. मिस्त्रीच्या खिशात गेला, गेला."

वाईट याचं वाटलं की माणूस बरोबर होता. तेच तर मी शेकडा १२ म्हणून धरलं होतं. त्यांनी धरले असते शेकडा ७५, एवढाच फरक.

मला एक कळत नाही. ज्या गावात चादरीचा ताणा भरताना धाग्यांचा हिशोब चुकत नाही, तिथे स्क्रू मोजून मागितला की चेष्टा कशी होते? आणि किलोनं घ्यायचे तर किलोत किती बसतात ते तरी सांगा. "बसतेत भरपूर" हे माप कुठल्या कोष्टकात आहे?

शेवटी पोऱ्याने पाच-पाच करत शंभराचे दोन ढीग केले. तिसऱ्याला हात घालणार तोच मालक म्हणाले, "दोनशे घ्या की. विसाचं काय धरून बसलाव?" मागून कुणीतरी म्हणालं, "मठ्ठ्याला ठेवा वीस." पुन्हा हशा. मी दोनशे घेतले आणि निघालो. भिडेपोटी. माणूस लाजेपोटी जे सोडतो त्याची पावती मिळत नाही.

घरी मिस्त्रीने पुडी उघडली. सुट्ट्या डब्यातले, म्हणून १४ निघाले मोठ्या आट्याचे, लाकडात मारायचे. मोठा आटा पातळ पत्र्यात नीट धरत नाही, नुसता गरगर फिरतो आणि भोक मोठं करून ठेवतो. "चालतंय की," मिस्त्री म्हणाला. चालत नाही. बाजूला काढले.

उरले १८६. त्यातले ९ त्याने मारताना घालवले. स्क्रू किती खोल जावा याचा अडसर ड्रिलला लावत नाहीत, मनगटावर काम. स्क्रूची टोपी शीटवरच्या कागदाच्या जरा आत बसली पाहिजे, खळगी पडावी पण कागद फाटू नये. कागद फाटला की खाली नुसतं जिप्सम, त्याला पकड नसते. तो स्क्रू तिथे आहे आणि नाहीही. शेजारी दोन इंचांवर दुसरा मारावा लागतो. उलट वर राहिला तर पुट्टीतून फोड दिसतो, आणि रात्री दिव्याच्या तिरक्या उजेडात तो एकच फोड आपल्याकडे बघत राहतो.

१७७ चांगले लागले. १९६ हवे होते. कमी पडले १९. हो, तेच ते वीस.

दुपारी अडीचला, डोक्याला पंचा बांधून, डांबर चपलेला चिकटत असताना मी पुन्हा मंगळवार पेठेत. मालकांनी काही न विचारता तराजूवर पाव किलो टाकले. यात बारीक आट्याचे किती, हे विचारायची माझी ताकद नव्हती.

काका तिथेच होते. सकाळी अंदाजाने अर्ध्या इंचाचा वायसर नेला होता, नळ निघाला पाऊण इंचाचा. तो परत करायला आले होते. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी माझ्या पुडीकडे बघितलं आणि वायसर सावकाश लेंग्याच्या खिशात घातला.

"पडले न्हवं कमी?" ते पोऱ्याकडे वळून म्हणाले. "म्हणलं हुतं की मी."