बलुतं बंद झालं, त्याच्या जागी काय आलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पोटतिडकीनं लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमलं नाही. तुम्ही नाव दिलं नाही, फक्त 'वरोऱ्याकडचा' एवढंच लिहिलं, म्हणून भाऊच म्हणते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की गावातल्या सुतार, लोहार, कुंभार, बुरूड कारागिरांनी पीएम विश्वकर्मा योजनेचा (कारागिरांना प्रशिक्षण, हत्यारं आणि स्वस्त कर्ज देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा) अर्ज भरावा. त्यावर भाऊंचं म्हणणं असं: ताई, तुम्ही सरकारची जाहिरात करताय. वर्ध्याला मंडप उभा राहिला, फोटो निघाले, कारागिराच्या हाती पंधरा हजारांची हत्यारं आली. अनुदानाची सवय लावून त्याला भिकारी करू नका, बाजार मिळवून द्या, बाकीचं तो पाहून घेईल. आणि जातीचा धंदा जातीच्याच पोरानं करायचा, हे पुन्हा कशाला? शेवटी त्यांनी आपल्या लोहारकाम करणाऱ्या चुलतभावाची गोष्ट लिहिली आहे. त्याचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र आलं, पण बँकेनं कर्जाला जामीनदार मागितला.

'भिकारी' हा शब्द मला लागला. मी सुताराच्या घरची आहे. आपण कापसाच्या आणि धानाच्या मुलखातली माणसं. ठिबकला अनुदान मिळतं, खताला मिळतं, पीकविम्याच्या हप्त्यात सरकार वाटा उचलतं, धानाला बोनस जाहीर होतो. शेतकऱ्याला कोणी भिकारी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग तोच हात रंधा किंवा घण धरणारा असला की मदतीची भीक कशी होते?

बलुतं आठवा. वर्षभर सुतारानं गावाच्या बंड्या, वखर, तिफणी, डवरे नीट ठेवायचे. लोहारानं फास आणि पास (वखर-डवऱ्याची लोखंडी पाती) पाजवून द्यायची. पैसे मागायचे नाहीत. धान निघालं की खळ्यावर जाऊन आपला वाटा आणायचा. त्यात मानहानीही होती, कोणाच्या खळ्यावर किती वेळ उभं ठेवायचे हे बाबांना अजून आठवतं, तेव्हा ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण वर्षाचं धान्य घरात येत होतं. पुढे ट्रॅक्टर आला, बंडीला रबरी टायर आले, औजारं दुकानात तयार मिळू लागली, टोपल्यांच्या जागी प्लास्टिकची घमेली आली. बलुतं बंद पडलं. कोणी ठराव करून बंद केलं नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नही कोणी काढला नाही. शेतीसाठीच्या मदतीला सातबारा लागतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कारागिरांच्या नावावर सातबाराच नाही. दुष्काळ पडला तर शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा होतो. त्याच दुष्काळात लोहाराकडे कोणी फास घेऊन येत नाही, त्याचा पंचनामा कोणी करत नाही. या माणसाच्या हातात आता पंधरा हजारांचं व्हाउचर येत असेल तर ते त्यानं मान वर करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही मंडपाचं म्हणालात. २० सप्टेंबर २०२४ चा वर्ध्याचा कार्यक्रम मोठा झाला हे खरं. योजनेला वर्ष झाल्याचा तो कार्यक्रम होता. योजना सुरू झाली १७ सप्टेंबर २०२३ ला, तिच्यात १८ व्यवसाय आहेत आणि २०२७-२८ पर्यंतची मुदत आहे. पण वर्ध्याचं नाव निघालं की मला मंडपाआधी मगनवाडी आठवते. १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो वर्ध्यातल्या मगनवाडीतून चालवला. कारागिराच्या हत्याराला आणि त्याच्या कच्च्या मालाला बाहेरून बळ द्यावं लागेल, हे तिथे त्या काळीच ठरलं होतं. आज त्याच मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. कारागिरानं एकदा तिथे जाऊन यावं, हे मी मंडपात बसलेल्यांना आणि न बसलेल्यांनाही सांगते.

आता पैशाचं. गावात सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. 'तीन लाख मिळतात' असं सांगत एजंट फिरतात आणि अर्ज भरायचे पैसे घेतात. नोंदणी सेवा केंद्रावर फुकट होते, आणि ते तीन लाख कर्ज आहे. अनुदान म्हणावं असं थेट हातात येतं ते मुख्यतः दोन ठिकाणी: प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि हत्यारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर. त्यानंतर आधी एक लाख १८ महिन्यांसाठी, ते नीट फेडलं तर दोन लाख ३० महिन्यांसाठी. व्याज ५ टक्के, कारण वरचे ८ टक्के सरकार भरतं.

हे व्याज किरकोळ वाटतं, म्हणून आकडे मांडते. एक लाख १८ महिन्यांत ५ टक्क्यांनी फेडायचे तर हप्ता साधारण ५,७८० रुपये येतो आणि एकूण व्याज जातं चार हजारांच्या आसपास. हेच कर्ज आपल्या गावच्या बाया गटानं बसून दर आठवड्याला फेडतात त्या मायक्रोफायनान्सकडून, समजा २४ टक्क्यांनी घेतलं, तर व्याज वीस हजारांच्या घरात जातं. सोळा हजारांचा फरक. म्हणजे व्हाउचरपेक्षा व्याजातली सूट मोठी, आणि तिच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही, कारण ती दिसत नाही.

'बाजार द्या, बाकी तो पाहून घेईल' या तुमच्या वाक्याशी माझा खरा वाद आहे. आमच्या घरचंच सांगते. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे लाकडी नंदी लागतो, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. म्हणजे बाजार तयार आहे, दर वर्षी येणारा, तिथी ठरलेला. पण त्या बैलाचं लाकूड उन्हाळ्यातच घरात यावं लागतं. ओल्या लाकडाचा बैल पुढे तडकतो, शिंगांच्या बुडाशी पहिली भेग जाते. लाकूड आणून, कापून, सावलीत रचून ठेवायचं. मग वाकसानं तासून धड काढायचं, पटाशीनं वशिंड आणि मानेची पोळी काढायची, पाय बसवायचे, खाली पाट आणि चाकं. श्रावण लागेपर्यंत एक रुपया सुटत नाही. उन्हाळ्यात लाकडाला पैसे नसले की व्यापारी उचल देतो, आणि उचल दिली की भाव त्याचा. पोळ्याच्या बाजारात बैल काय किमतीला विकला गेला हे बाबांना कळायचं, पण तो पैसा दुसऱ्याचा असायचा. बाजार होता, भाऊ. बाजारापर्यंत स्वतःचा माल स्वतःच्या नावानं न्यायला भांडवल नव्हतं.

म्हणून स्वस्त कर्ज मला अनुदानाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि म्हणूनच या योजनेवरचा माझा मोठा राग हप्त्यावर आहे. कर्ज उचललं की महिन्याला हप्ता सुरू. शेतकऱ्याचं पीककर्ज पीक निघण्याच्या हिशोबानं फेडायचं असतं. नंदी करणाऱ्याचं पीक पोळ्याला निघतं, पणत्या करणाऱ्या कुंभाराचं दिवाळीला आणि माठांचं उन्हाळ्यात, लोहाराचं मृगाच्या आधी. पावसाळ्यात कुंभाराचा आवा (मडकी भाजायची भट्टी) पेटत नाही, तेव्हा त्यानं ५,७८० रुपये कुठून आणायचे? माझं सांगणं एवढंच, की कर्ज हंगामाच्या दोन-तीन महिने आधी मंजूर होईल असा अर्ज करा, आणि आलेल्या रकमेतले पहिले तीन-चार हप्ते खात्यावर बाजूला ठेवूनच माल घ्या. हा उपाय तोकडा आहे. खरं तर हंगामी हप्त्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावातून जिल्ह्यापर्यंत गेली पाहिजे.

बुरुडाचं दुखणं तर वेगळंच. त्याला तुम्ही व्हाउचर द्या, कर्ज द्या, नागपूरच्या प्रदर्शनात टेबल द्या, हिरवा बांबू वेळेवर मिळाला नाही तर सगळं फुकट. सुकलेला बांबू फाडला की कामटी (बांबूची पातळ पट्टी) वळत नाही, कडकन मोडते. सूप विणणाऱ्या बाईच्या बोटांना विचारा. चंद्रपूर-गडचिरोली बांबूचा मुलूख, आणि बुरूड मात्र वनखात्याच्या बांबू डेपोच्या तारखेची वाट पाहत बसलेला, हे मी लहानपणापासून पाहते आहे. यावर तोड निघाली ती धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्यात. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) ठरला, २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. कारागिराला आधार म्हणजे फक्त रोख रक्कम असं मी कधीच मानलं नाही. बुरुडासाठी परवाना हाच सगळ्यात मोठा आधार आहे. शेतात किंवा बांधावर बांबू असेल तर भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं तो झाडाच्या व्याख्येतून निघाला आहे, हे अजून कित्येक शेतकऱ्यांना माहीत नाही. बुरूड आणि शेतकरी यांनी थेट बोलावं अशी सोय त्यात आहे.

जातीच्या धंद्याचा तुमचा मुद्दा मला पटतो. १८ व्यवसायांची यादी वाचली की गावाची जुनी रचना डोळ्यांसमोर येते, आणि वयाची अट फक्त १८ वर्षं पूर्ण एवढीच. अठराव्या वर्षी पोरगं कॉलेजात असावं. तामिळनाडू सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला, किमान वय ३५ करा म्हणून सांगितलं, आणि जातीशी न जोडलेली स्वतःची योजना आणली. वयाची ती मागणी महाराष्ट्रानंही करावी. पण म्हणून आज पंचेचाळिशीत असलेल्या, दुसरं काही शिकायची वेळ निघून गेलेल्या लोहाराला मी 'तू अर्ज करू नकोस' असं सांगणार नाही. त्याच्या पोरीनं नर्सिंगला जायचं असेल तर तिची फी याच भट्टीतून निघणार आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर तुम्ही काही लिहिलं नाही. योजनेचा लाभ कुटुंबातल्या एकालाच. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. बुरूडवाड्यात जाऊन बघा: बांबू आणणं-फाडणं बहुतेक पुरुषाकडे, विणणं बाईकडे, आठवडी बाजारात बसून विकणंही बाईकडे. आणि अर्ज नवऱ्याच्या नावानं! मी भेटेल त्या घरात सांगते, अर्ज बाईच्या नावानं भरा. प्रमाणपत्र, ओळखपत्र, कर्जाचं खातं तिच्या नावावर येऊ द्या. काही घरांत ऐकतात, काही घरांत चहा देऊन वाटेला लावतात.

विणकरांनी मात्र या यादीत स्वतःला शोधू नये. भंडारा-मोहाडीकडचे हातमाग, आरमोरीकडचं टसर रेशीम यांच्यासाठी वस्त्रोद्योग खात्याच्या योजना वेगळ्या आहेत. आणि ज्याला चार-पाच लाखांचा कारखानाच टाकायचा आहे, त्यानं विश्वकर्मापेक्षा पीएमईजीपीचा (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा) विचार आधी करावा. तिथे ग्रामीण भागात महिला, मागासवर्गीय, ओबीसी यांना प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे. पाच लाखांवर पावणेदोन लाख. ते तीन वर्षं बँकेत अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. पण निवड आधी करा, कारण गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीचं कर्ज घेतलं असेल तर विश्वकर्मा मिळत नाही. मुद्राचं (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेचं) कर्ज पूर्ण फिटलं असेल तर चालतं.

हत्यारांबद्दल एकच सांगते. पेटीत काय मिळतं यापेक्षा शरीराचा कोणता भाग दुखतो ते पाहून हत्यार निवडा. बाबांचा उजवा खांदा रंध्यानं गेला. विजेवरचा रंधा दहा वर्षं आधी हाती आला असता तर आज त्यांचा हात डोक्यावर गेला असता.

आता तुमच्या चुलतभावाचं. विश्वकर्माचं कर्ज विनातारण आहे, त्याची हमी सरकारच्या व्यवस्थेतून असते. शाखेत जामीनदार मागितला असेल तर तोंडी बोलणं ऐकून परत येऊ नका. अर्ज का अडला ते लेखी मागा. लेखी दिलं नाही तर आपण कोणत्या तारखेला गेलो होतो ते लिहून अर्जाची पोच घ्या आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे तक्रार द्या. एक प्रत योजनेच्या जिल्हा अंमलबजावणी समितीला द्या. त्याआधी त्याच्या नावावर मायक्रोफायनान्सचा किंवा मोबाइलच्या हप्त्याचा काही थकलेला पैसा नाही ना, ते तपासा. बरेचदा गाठ तिथे असते आणि शाखेतला माणूस ती न सांगता जामीनदार मागतो. कर्ज मिळालं की भट्टीवर क्यूआर कोड लावायला सांगा, कारण पुढच्या दोन लाखांसाठी खातं नियमित असावं लागतं आणि डिजिटल व्यवहार किंवा पुढचं प्रशिक्षण, यातलं एक दाखवावं लागतं.

नकाराचं पत्र हातात आलं की त्याचा फोटो इथेच खाली टाका, नाव झाकून. तक्रारीचा मसुदा मी लिहून देते. मृगाला लोहाराची भट्टी दिवसरात्र चालते, तेव्हा त्याला बँकेच्या फेऱ्या मारायला वेळ मिळणार नाही. हे काम त्याआधी करून घेऊ.