ॲलन रिकमन यांचे ‘बेचाळिसाव्या वर्षी उघडलेले नशीब’

‘चाळिशी उलटेपर्यंत ॲलन रिकमन कुणीच नव्हते, डिझाइनचा धंदा बुडाला म्हणून ते अभिनयाकडे वळले, बेचाळिसाव्या वर्षी एका सिनेमाने नशीब उघडले आणि पुढे जन्मभर त्यांनी खलनायकच रंगवले,’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्यातले वय तेवढे बरोबर आहे. रिकमन या ब्रिटिश नटाचा जन्म १९४६ चा आणि त्यांचा पहिला चित्रपट ‘डाय हार्ड’ १९८८ चा.

धंदा बुडाला नव्हता. लंडनमध्ये कलाशिक्षण घेऊन मित्रांसोबत काढलेला ‘ग्राफिटी’ हा स्टुडिओ चालू स्थितीत असताना, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी तो सोडला आणि ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. त्या काळात चरितार्थासाठी त्यांनी नायजेल हॉथॉर्न आणि राल्फ रिचर्डसन या नामवंत नटांचा कपडेपट सांभाळला, आणि याला कोणी अपयश म्हणणार असेल तर रंगभूमीवरची निम्मी उमेदवारी अपयशात मोजावी लागेल.

‘कुणीच नव्हते’ हे तर साफ चूक आहे. १९७८ मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेत गेले, १९८२ मध्ये बीबीसीच्या ‘बार्चेस्टर क्रॉनिकल्स’मधल्या लाळघोट्या पाद्र्याच्या, ओबडाया स्लोपच्या, भूमिकेने ते ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले, आणि १९८५ मध्ये ‘ले लिएझों दांजरूझ’ या नाटकात साकारलेला व्हाल्मों हा कारस्थानी उमराव स्ट्रॅटफर्डहून लंडनला, तिथून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेला व १९८७ मध्ये त्यांना टोनी या नाट्यपुरस्काराचे नामांकन देऊन गेला. ‘डाय हार्ड’ त्यांच्याकडे आला तो या नाटकामागोमाग.

त्या चित्रपटातही त्यांनी नशिबावर भिस्त ठेवली नव्हती. २०१५ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितले होते की, आपल्या पात्राने दहशतवाद्याच्या वेशाऐवजी सूट घातला तर त्याला ओलीस म्हणून वावरता येईल, अशी सूचना त्यांनी एका चिठ्ठीतून निर्मात्याला केली. आधी नकार आला. नंतर बदललेली संहिताच हाती पडली. पडद्यावर नायकासमोर अमेरिकी उच्चारात घाबरल्याचे सोंग करणारा खलनायक हान्स ग्रूबर आपण पाहतो, तो त्या चिठ्ठीतून आला. नाटकाच्या तालमींत मुरलेल्या नटालाच सुचावे असे ते आहे.

खलनायकीबद्दल फार लिहायला नको. ‘ट्रूली, मॅडली, डीपली’मधला चेलोवादक प्रियकर आणि ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधला कर्नल ब्रँडन यांना खलनायक म्हणणाऱ्याने ते चित्रपट पाहिलेले नसावेत.

राहता राहिले नशीब. ते उघडले म्हणतात त्याच १९८८ मध्ये त्यांच्या गाजलेल्या नाटकावर स्टीफन फ्रिअर्स यांनी चित्रपट केला, आणि त्यातला व्हाल्मों जॉन माल्कोविच यांना मिळाला.