एसीतल्या वकिलांनी नेमके कुणाचे हात बांधले?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही असे मुलकी वकील एसीत बसून सैन्याला सल्ले देतात, लढणाऱ्यांचे हात बांधतात आणि फावतं दहशतवाद्यांचं. पुरावा म्हणून ग्वांतानामो, म्हणजे क्युबातला अमेरिकी नौदलाचा तळ, जिथे दहशतवादाचे संशयित डांबले गेले. उदाहरण काढलंच आहे, तर ते पुरतं बघू.

आधी हे 'सल्ले'. अमेरिकी नौदलात कोर्ट मार्शल आणि युद्धाचे कायदे प्रामुख्याने गणवेशातले 'जॅग' (लष्करी कायदा विभागाचे) वकील बघतात. जनरल कौन्सेलच्या (खात्याच्या मुख्य मुलकी वकिलाच्या) हाताखालचे मुलकी वकील बहुतेक वेळ जहाजांची कंत्राटं, जमिनी, पर्यावरण, नोकरीविषयक दावे यांतच असतात. त्या कार्यालयाचा उगमच १९४१ मधल्या खरेदी-करारांच्या कामात आहे.

आता 'हात बांधले'. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी २ डिसेंबर २००२ रोजी ग्वांतानामोतल्या कठोर चौकशीला मंजुरी दिली: वीस-वीस तास प्रश्न, कपडे उतरवणं, कुत्र्यांची भीती, चार तास उभं ठेवणं. मंजुरीच्या कागदावर स्वतःच्या हाताने शेराही मारला, की मी रोज आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच का? (विनोद असावा.) १७ डिसेंबरला नौदलाच्याच गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रमुख डेव्हिड ब्रँट हे जनरल कौन्सेल अल्बर्टो मोरा यांच्याकडे गेले. ग्वांतानामोत काम करणारी ब्रँट यांचीच माणसं अस्वस्थ होती. म्हणजे तक्रार एसीतून खाली गेली नाही, खालून वर आली. मोरा बुश सरकारनेच नेमलेले होते आणि ११ सप्टेंबरला विमान आदळलं तेव्हा पेंटागॉनमध्येच होते. तोंडी सांगून काही हलेना, तेव्हा १५ जानेवारी २००३ रोजी त्यांनी आक्षेपाचं टिपण सही न करता वर पाठवलं आणि कळवलं, की आज यावर सही करणार आहे. रम्सफेल्डनी त्याच दिवशी परवानगी स्थगित केली.

'मुलकी विरुद्ध गणवेश' ही फाळणीही टिकत नाही. चौकशीच्या पद्धती तपासायला पुढे नेमलेल्या कार्यगटाच्या प्रमुख होत्या हवाई दलाच्या जनरल कौन्सेल मेरी वॉकर. त्याही मुलकीच. त्या गटाने न्याय खात्याचं छळाबाबतचं सैलसर मत आधाराला घेतलं, आणि फेब्रुवारी-मार्च २००३ मध्ये त्याविरुद्ध लेखी आक्षेप घेतले ते चारही दलांच्या गणवेशातल्या वरिष्ठ वकिलांनी! फॉरवर्डवाल्यांचा मुलकी वकिलांवरचा राग मला थोडा मान्य आहे, पण उलट कारणासाठी: दार उघडून देणारेही तेच होते.

राहिलं 'दहशतवाद्यांचं फावतं'. तिथे ज्याची चौकशी सगळ्यात गाजली त्या मोहम्मद अल-कहतानीवर ९/११ च्या कटाचा आरोप होता. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. खटले पुढे पाठवण्याचा अधिकार असलेल्या सुझन क्रॉफर्ड यांनी जानेवारी २००९ मध्ये कारण उघड सांगितलं: त्याचा छळ झाला, म्हणून मी खटला पाठवला नाही. क्रॉफर्ड पूर्वी लष्कराच्या जनरल कौन्सेल होत्या. मार्च २०२२ मध्ये कहतानीला सौदी अरेबियाला परत पाठवलं. खटला न चालताच.