‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : तासाभरासाठी एवढं अवडंबर?

आमच्या लेकीसाठी विमानात चालेल अशी कार सीट, म्हणजे मुलाला पट्ट्यांनी धरून ठेवणारी खुर्ची, कशी निवडली, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ‘सडेतोड’ या नावाने लिहिणाऱ्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : विमानासाठी प्रमाणित सीट आपल्याकडे सहज मिळत नाही, मिळाली तरी विमान कंपनीचे लोक दारात अडवतात, त्यापेक्षा ती सामानात टाकावी, नाहीतर सरळ वंदे भारतने जावं. हे सगळं ठीक. पण मधेच हे वाक्य : “गोवा-मुंबई तासाभराचा प्रवास, त्यासाठी एवढं अवडंबर कशाला? पोरीला मांडीवर घेऊन बसा ना. हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. सीटची रुंदी मी नुसती इंचांत दिली होती, सेंटिमीटरमध्येही द्यायला हवी होती. १६ इंच म्हणजे साधारण ४१ सेंटिमीटर. झालं.

आता चोचल्यांकडे वळू. सडेतोडसाहेब, मी सावईवेऱ्याची. बाबा कदंबात कंडक्टर होते. आमच्या घरात खर्च नोटा मोजून नाही, सुटे मोजून व्हायचा. ही सीट घेण्यासाठी आम्ही काय विकलं आणि काय पुढे ढकललं, याचा हिशेब तुम्हाला देणं लागत नाही, देणारही नाही. पण ओळख ना पाळख, एका आईला ‘चोचले’ म्हणण्याआधी माणूस निदान लेख तरी शेवटपर्यंत वाचतो. तुम्ही वाचला असता, तर माझी लेक पाच वर्षांची आहे हे तिसऱ्याच परिच्छेदात दिसलं असतं.

कारण मांडीवर बसायचं वय विमानात दोन वर्षांपर्यंतच असतं. दोन पूर्ण झाली की मुलाचं वेगळं तिकीट आणि वेगळी जागा. उड्डाणाच्या वेळी पाच वर्षांचं पोर मांडीवर घेऊन बसलात, तर हवाई सुंदरीच येऊन उठवेल.

आणि तान्ह्या बाळाचंही मांडीवर काय होतं, ते ऐका. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळत्या अवस्थेत उतरवावं लागलं. मांडीवरच्या मुलांना पायांशी जमिनीवर ठेवा, असं तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आई-वडिलांना सांगितलं गेलं. अशा चार मुलांपैकी एक गेलं. ती सूचना देणाऱ्या, त्या विमानातल्या प्रमुख हवाई सुंदरी जॅन ब्राउन यांनी पुढे कितीतरी वर्षं, प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि पट्टा असावा, म्हणून लढा दिला. तुमच्या-माझ्या दंडांत जोर किती आहे, हा मुद्दाच नाही. धक्का बसला की कुठलेच हात पुरत नाहीत.

बरं, मांडी सोडा. विमानातला साधा पट्टा का नको, हेही तुम्ही उडत उडत विचारलंत. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नाही. तिच्या पाठीपोटाचे स्नायू सैल आहेत. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी एकदा तिला खुर्चीत नुसता कंबरपट्टा लावून बसवलं आणि हात काढून घेतला. आधी कंबर पुढे सरकली. मग पट्टा जांघेवरून वर चढत पोटावर आला. मग मान पडली, हनुवटी छातीला टेकली आणि श्वासाला घर्र घर्र लागली. हे स्थिर खुर्चीत, फोंड्यात, पंख्याखाली. पावसाळ्यात ढगांतून मोपाच्या पठारावर उतरणारं विमान कसं हेलकावतं, ते तुम्ही अनुभवलं असेलच.

म्हणून खांद्यांवरून दोन, कमरेला दोन आणि पायांमधून एक असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा. तो पायांमधला पट्टाच तिला खाली घसरू देत नाही. मोटारीत उंच बसवणारा बूस्टर विमानात चालत नाही, कारण त्याला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात तो नसतोच. ‘केअर्स’ नावाचा, विमानाच्या सीटच्या पाठीला गुंडाळायचा हलका हार्नेस चांगला आहे, पण तो १० ते २० किलो वजनाच्या आणि मीटरभर उंचीपर्यंतच्या मुलांसाठी. आमची लेक उंचीत त्याच्या पुढे गेलीय आणि त्याच्या नेहमीच्या प्रकाराला पायांमधला पट्टा नाही. मग राहिलं काय? सांगा ना.

स्टिकरचं पुन्हा सांगते, कारण बाकीच्या वाचकांनीही विचारलंय. अमेरिकन सीटवर मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित, अशी लाल अक्षरांतली इंग्रजी ओळ असते. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या सीटवरचं नारिंगी युरोपीय स्टिकर मोटारीपुरतं असतं. विमानासाठी वेगळी नोंद आहे का, ते बघायचं. मोटारीत सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक विमानात नसतात आणि सीट वरून मागे बांधायचा टेदर पट्टाही लागत नाही, सीट तिथल्याच कंबरपट्ट्याने बांधायची. बांधताना एक गंमत होते. विमानाचं बक्कल नेमकं मुलाच्या पाठीमागे येतं. ते टोचतं आणि उतरताना खाचेत हात घालून उघडता उघडत नाही. बक्कलाची उघडायची पट्टी बाहेरच्या बाजूला ठेवून पट्टा घट्ट करायचा, वर दुपट्याची एक घडी. जागा खिडकीची घ्यायची, म्हणजे कुणाची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या पुढची-मागची रांग टाळायची.

दारात अडवतात म्हणता. अडवतात. म्हणून घरी बसायचं? मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलला. केवळ अपंगत्वाचं कारण देऊन प्रवास नाकारता येत नाही, प्रकृतीची शंका असेल तर डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. हा नियम मुलाबद्दल आहे, सीटबद्दल नाही, असं तुम्ही लगेच म्हणाल. म्हणा. मी ४८ तास आधी कंपनीला कळवते, सीटची मापं आणि स्टिकरचा फोटो मेल करते आणि उत्तराची छापील प्रत पिशवीत ठेवते.

सीट सामानात टाका म्हणणाऱ्यांनी विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर आदळत येणाऱ्या बॅगा एकदा डोळ्यांनी बघाव्यात. वंदे भारतचं म्हणाल, तर मडगावहून मुंबईपर्यंत सात-आठ तास तिला कोण धरून बसणार, तुम्ही?

महाग आहे, मिळायला कठीण आहे, हे मीही लिहिलं होतं. त्यात तुम्ही नवीन काय सांगितलंत, ते मला अजून सापडलं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघा-तिघांनी कळवलं. काढणार नाही, आहे तशी राहू दे. फक्त पुढच्या खेपेला खऱ्या नावाने लिहा, आणि पाच वर्षांचं पोर शेवटचं कधी तासभर मांडीवर घेऊन बसला होतात, तेही लिहा.