‘सीआर म्हणजे थाप’: दाव्याचा हिशेब

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या डीएम (खेळ चालवणारे डंजन मास्टर) मंडळींत एक दावा कायम फिरत असतो. ‘मॉन्स्टरचा सीआर, म्हणजे चॅलेंज रेटिंग (तो किती अवघड याचा आकडा), ही शुद्ध थाप आहे. लेव्हल ५ च्या पार्टीपुढे (खेळाडूंच्या पात्रांच्या गटापुढे) सीआर ५ चा बॉस ठेवा, दोन राउंडांत (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) मरतो. उलट सीआर पाव असलेले गॉब्लिन सगळ्यांना झोपवतात. आकडे अंदाजपंचे दाहोदरसे आहेत. सीआर सोडा आणि लढाई चालू असताना हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) कमीजास्त करा.’ सीआरविरुद्ध खरा मुद्दा एकच आहे, आणि नेमका तो या दाव्यात मांडलेलाच नाही. (खालचे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे.)

‘दोन राउंडांत मरतो.’ मरणारच. व्याख्या अशी आहे: विश्रांती घेतलेल्या, नीट हत्यारं-चिलखतं असलेल्या चौघांना आपल्या लेव्हलइतक्या सीआरचा एक मॉन्स्टर, कुणीही न मरता, हरवता यावा. बरोबरीची झुंज होईल असं त्यात कुठेही नाही. सीआर ५ चे एक्सपी (अनुभवाचे गुण, यांवरच लढतीचं वजन मोजतात) १८००. लेव्हल ५ च्या पात्राचा ‘मध्यम’ लढतीचा उंबरठा ५००, म्हणजे चौघांचा २०००. पुस्तकाच्याच हिशेबाने ही लढत ‘सोपी’ ठरते.

सीआर ५ चा हिल जायंट घेऊन बघा: एसी (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) १३, हिट पॉइंट १०५. लेव्हल ५ चा फायटर, फाशात +७ मिळवून दोन वार, प्रत्येकी सरासरी ११ डॅमेज. ७५ टक्के लागतात, म्हणजे राउंडला साडेसोळा. विझार्डचा फायरबॉल, सेव्ह (फासा टाकून परिणाम टाळायचा किंवा कमी करायचा प्रयत्न) धरून, साडेचोवीस. रोगचा स्नीक अटॅकसह बाण साडेतेरा. क्लेरिकचा साधा सेक्रेड फ्लेम पावणेसात. बेरीज ६१ च्या आसपास. जायंट दुसऱ्या राउंडात आडवा होणार हे कागदावरच दिसतं.

मग अशी लढत ठेवायचीच कशाला? कारण हे सगळं गणित दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढती धरून बेतलेलं आहे. लेव्हल ५ ला माणशी ३५०० एक्सपीचा दिवस. सहाव्या लढतीत विझार्डकडे फायरबॉल उरलेला नसतो. आपल्याकडे बहुतेक टेबलांवर एका सेशनला एक लढत, आणि तिच्या आधी-नंतर सगळे झोप काढून ताजेतवाने. तिथे सीआर ५ फुसका वाटला तर खापर सीआरवर फोडून उपयोग नाही. दिवसात एकच लढत असेल तर ती वरच्या उंबरठ्यावर बांधा: लेव्हल ५ च्या चौघांसाठी ‘अवघड’ ३०००, ‘जीवघेणी’ ४४००. मॉन्स्टर एकाहून जास्त असले की एक्सपीच्या बेरजेला संख्येनुसार गुणक लागतो. जायंटसोबत एक ओगर (४५० एक्सपी) ठेवला तर २२५० गुणिले दीड, म्हणजे ३३७५. दोन ओगर ठेवले तर २७०० गुणिले दोन, म्हणजे ५४००. फरक एका ओगरचा, पण लढत ‘अवघड’वरून ‘जीवघेणी’वर गेली.

‘गॉब्लिन झोपवतात.’ हा घोळ त्या गुणकात आहे. आठ गॉब्लिनांचे एक्सपी ४००, एका ओगरचे ४५०. नुसती बेरीज पाहिली तर सारखेच. पण सात ते दहा मॉन्स्टरांना अडीचचा गुणक लागतो आणि ४०० चे १००० होतात. लेव्हल २ च्या चौघांची ‘जीवघेणी’ रेघ ८०० वर आहे. एसी १६ समोर ओगरचा एक वार ५५ टक्के लागतो, राउंडला सरासरी सात डॅमेज. आठ गॉब्लिन ४५ टक्क्यांनी प्रत्येकी पाच, म्हणजे अठरा. २०२४ च्या सुधारित नियमांनी हा गुणक काढून टाकला आणि उंबरठेही बदलले. त्यामुळे जुना कॅल्क्युलेटर आणि नवं पुस्तक एकत्र वापरलं की उत्तर हमखास चुकतं.

‘आकडे अंदाजपंचे.’ नाहीत. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये सीआर काढायचा पूर्ण तक्ता दिलाय. हिट पॉइंटवरून ओळ शोधा, एसी त्या ओळीपेक्षा दर २ ने जास्त किंवा कमी असेल तर एक पायरी वर-खाली: हा बचावाचा सीआर. पहिल्या तीन राउंडांच्या डॅमेजची सरासरी आणि अटॅक बोनसचा तसाच फरक: हा हल्ल्याचा. दोन्हींची सरासरी काढा. हिल जायंट: हिट पॉइंट १०५ म्हणजे बचावाचा ३; डॅमेज ३६ म्हणजे ५, अटॅक +८ म्हणून एक पायरी वर, हल्ल्याचा ६; सरासरी साडेचार, छापील ५. जमलं. ओगर मात्र या हिशेबाने जेमतेम १ येतो आणि छापील सीआर २ आहे. म्हणजे तक्ता पुस्तकातल्या प्रत्येक मॉन्स्टरला तंतोतंत लागत नाही. तरी एका पायरीची चूक आणि अंदाजपंचे यांत बराच फरक आहे.

घरी बनवलेल्या मॉन्स्टरांत चूक बहुधा श्वासाच्या हल्ल्यात (आग वगैरे फुंकून एका वेळी अनेकांना लागणारा) होते. एकदाच वापरता येणारा २८ चा श्वास, नंतर दोन राउंड १४-१४: लोक ५६ भागिले ३ करतात, सीआर २ ची ओळ. नियम सांगतो की श्वास दोघांना लागला असं धरा. मग ८४ भागिले ३, म्हणजे २८, आणि ओळ ४ ची.

आता तो खरा मुद्दा. हिट पॉइंटना वळसा घालणारे हल्ले हा तक्ता मोजतच नाही. इंटलेक्ट डिव्हावरर, सीआर २, थेट बुद्धी खातो. इंटेलिजन्स ८ असलेल्या फायटरचा डीसी (गाठायचा आकडा) १२ चा सेव्ह ६० टक्के वेळा फसतो. मग ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) मध्ये त्याच्या इंटेलिजन्सइतके, म्हणजे ८, किंवा जास्त आले की इंटेलिजन्स शून्य; याची शक्यता ८४ टक्के. थोडक्यात, प्रत्येक प्रयत्नाला फायटर, इंटेलिजन्स परत मिळेपर्यंत, गार होण्याची शक्यता निम्मी. शॅडोचा सीआर तर अर्धाच, पण त्याचा प्रत्येक फटका स्ट्रेंग्थ शोषतो आणि ती शून्यावर आली की मरण. म्हणून स्ट्रेंग्थ ८ चा विझार्ड दोन वाईट फटक्यांत मरू शकतो, हिट पॉइंट कितीही असोत. असे मॉन्स्टर आणण्याआधी पार्टीतला सर्वांत कमी सेव्ह आणि सर्वांत कमी स्कोअर बघा, सीआर नंतर.

‘हिट पॉइंट चालू लढाईत बदला.’ त्याची गरज नाही, नियमांतच वाव आहे. ओगरचे ५९ हिट पॉइंट ही ७डी१०+२१ (दहा बाजूंचे सात फासे अधिक २१) ची सरासरी. २८ ते ९१ मधला कुठलाही आकडा लढाईआधी घ्या. ८५ घेतले तरी तक्त्याचं उत्तर १ च राहतं. सीआर ३ पासून १० पर्यंत बचावाची एक पायरी १५ हिट पॉइंटची आहे, हल्ल्याची फक्त ६ डॅमेजची. हिट पॉइंट वाढवले की लढत लांबते. ती धोक्याची करायची असेल तर डॅमेज वाढवा.